चौथा बोल्ट

तीन बोल्ट लागले, चौथा काही आवळेना. आर्वीकडच्या आमच्या गावात, आंगणात गाडीच्या वॉटर पंपाची पुली बदलवत होतो, अन् मधात जागा इतकी कमी की दहाचा पाना घातला तर हात फिरत नाही, अन् जोर लावला की पुलीच गरगर फिरते.

शेजारचा पोट्टा, गॅरेजात हाताखाली राहते, केव्हाचा पाहून राहिला होता. शेवटी म्हणे, "काका, पहिले बेल्ट चढवा ना, मंग आवळा. बेल्टच पुलीले धरून ठेवते."

बेल्ट चढवून ताण दिला, पुली जागची हालली नाही. आमनेसामनेचे बोल्ट आवळले, पाच मिनिटांत काम खल्लास.

मी तासभर पुली धराले पेचकस अडकवून बसलो होतो बाप्पा! पण तो एवढा वेळ चूप काहून होता? माह्या तोंडाकडे पाहूनच भेला असंन का?