कोकम सोडा: तिसरी खेप जमली

यंदाचं अमृत कोकम, म्हणजे कोकमाची सालं साखरेत उन्हात मुरवून केलेलं सिरप, काल गाळून बाटल्यांत भरलं आणि पहिला ग्लास सोड्यात करून प्यायले. रंग गडद माणकासारखा, आंबटगोड अगदी हवं तसं. गेल्या वर्षीच्या दोन खेपा का बिघडल्या आणि यंदा काय बदललं, ते लक्षात आहे तोवर लिहून ठेवते, कारण रातांबे, म्हणजे कोकमाची ताजी फळं, एकदा पावसात सापडले की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हात चोळत बसावं लागतं.

पहिली खेप घाईची. सालं सरळ पाकात उकळली. अर्ध्या तासात सिरप तयार झालं, पण रंग तपकिरीकडे गेला आणि ताज्या रातांब्याचा वास पार उडाला. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो आणि तो उष्णतेपुढे टिकत नाही.

दुसरी खेप उन्हातली, पण मी साखरेला हात आखडला. किलोभर सालांना किलोभरच घातली. चौथ्या दिवशी आभाळ भरून आलं, दोन दिवस ऊन नाही. बरणी उघडली तर वर बारीक फेस आणि आंबूस वास. सुटलेला रस वर, साखर तळाशी. वरचा पातळ थर आंबायला लागला होता. सगळं ओतून द्यावं लागलं. फार जिवाला लागलं, कारण ते रातांबे आत्याने गुहागरहून पाठवले होते.

यंदा आधी तिलाच फोन केला. म्हणाली, “सालांच्या दुप्पट साखर घाल, आणि रोज हलव गं. चमचा कोरडा हवा, पाण्याचा थेंब नको.” त्याप्रमाणे एक किलो सालं, दोन किलो साखर. काचेच्या बरणीत एक थर सालांचा, एक साखरेचा, सगळ्यात वर साखरच. तोंडाला मलमलचं फडकं. दुसऱ्याच दिवशी तळाशी दोन बोटं रस आला: साखर सालांतलं पाणी ओढून घेते, वेगळं पाणी लागतच नाही. आठ दिवस गच्चीवर ऊन दिलं, रोज लाकडी डावाने तळापासून ढवळलं. नवव्या दिवशी गाळलं आणि दोन छोटे चमचे मीठ घातलं.

खरी डोकेदुखी जिऱ्याची होती. कोकम सरबतात भाजलेल्या जिऱ्याची पूड हवीच, पण ती सोड्यात टाकली की ग्लास उतू जातो आणि गॅस तिथेच संपतो. काचेला डोळा लावून पाहिलं तर पुडीच्या एकेका कणापासून बुडबुड्यांची माळ वर निघत होती. विरघळलेल्या वायूला बाहेर पडायला असा खडबडीत कणच लागतो. म्हणून शेवटचे दोन दिवस जिरं भाजून, जाडसर कुटून, मलमलच्या पुरचुंडीत बांधून बरणीतच सोडलं. स्वाद उतरला, कण नाहीत, फेस अर्ध्यावर आला. या खेपेत मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. सिरपही दोनदा गाळते, गर राहिला तर तोही तसाच फेसाळतो.

सोडा मेकरमध्ये फक्त साधं पाणी, सिरप कधीच नाही. आणि पाणी फ्रिजमधलं: ४ अंशांच्या पाण्यात ३० अंशांच्या पाण्यापेक्षा दुपटीहून जास्त कार्बन डायऑक्साइड मुरतो. नळाचं पाणी घेऊन कितीही दाबलं तरी सोडा मिळमिळीत होतो, ते यामुळेच.

प्रमाण माझं असं ठरलं: २०० मिली सोड्याला ३० मिली सिरप. ४० घेतलं तर पहिला घोट छान लागतो, पण ग्लास संपेपर्यंत गोडाने तोंड मिटतं. बर्फ भरपूर असेल तर ३५. आधी सिरप, मग ग्लास तिरका धरून कडेने सोडा, एकदाच हलकं ढवळायचं.

गाळून उरलेली सालं ताटात पसरून वाळत घातली आहेत, मुलं येता-जाता तोंडात टाकतात.

आता पुढचं सिरप आलं-लिंबाचं. आल्याचा रस रात्रभर ठेवून तळाचा पांढरा साका काढून टाकला आहे, आणि लिंबाची साल वरवर किसून साखरेत चोळून ठेवली आहे, फक्त हिरवा-पिवळा भाग, खालचा पांढरा कडू लागतो. पाक गार झाल्यावरच रस घालणार. उद्या सकाळी गाळते.