४० रुपयांचा राजा

रविवारी जुन्या बाजारात नळाची तोटी घ्यायला गेलो आणि डायनासोर घेऊन आलो. तोटी राहिलीच. टी-रेक्सच्या ढिगात कपाळावर बुटकं शिंग असलेला एक दिसला. राजासोरस! विक्रेता म्हणाला, "गेंडा आहे साहेब, ४० द्या." बोटाएवढाच, पण खवले, नखं, हातांचे खुंट, सगळं काय बारकाईनं केलंय! गुजरातेत रहिओलीला सापडलेल्या हाडांवरून २००३ साली नाव मिळालेला आपला नर्मदेचा राजा. त्याच वर्षी बारसं झालेला आयसिसोरस तर चंद्रपूरच्या डोंगरगावचा, म्हणजे चक्क मराठी माणूस! तो मात्र मला अजून मिळालेला नाही.

आई म्हणाली, "आणखी एक पाल? धूळ कोण पुसणार?"

राजे सध्या शोकेसमध्ये, दगडूशेठच्या फोटोशेजारी. नळ गळतोय.