समाजमंदिराच्या जागेचा उतारा: माझा अनुभव

आमचं गाव उजनीत गेलं. १९८० साली धरण पुरं झालं, तोवर भीमेकाठची जुनी घरं, देऊळ, चावडी सगळं सोडून माणसं माळावरच्या नव्या गावठाणात आली होती. मी लग्न होऊन आले ती इथेच. जुनी चावडी मी पाहिली ती जोत्यापुरती. एखाद्या कडक उन्हाळ्यात जलाशय फार आटला की लांब गाळात दगडांची एक ओळ दिसते. सासरे तिकडे बोट करून सांगतात, अमुक जागी पाटील बसायचे, तमुक जागी आम्ही पोरं.

नव्या गावठाणाच्या नकाशात शाळा आणि स्मशानभूमीसोबत समाजमंदिराची जागाही आखलेली होती. चाळीस वर्षं ती तशीच पडून राहिली. ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात व्हायची, बचतगटाच्या बैठका कुणाच्या तरी ओट्यावर. मी ग्रामपंचायतीत निवडून आले तेव्हा एवढं एकच काम मनात धरलं होतं.

आमदार निधीतून काम सुचवलं गेलं, अंदाजपत्रक झालं, ठराव झाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडलं ते कागदपत्रांच्या यादीतल्या एका ओळीवर: जागा शासनाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या मालकीची असल्याचा उतारा. सातबारा काढला, तर त्यावर ज्यांची जमीन गावठाणासाठी संपादित झाली त्या शेतकऱ्यांचंच नाव. त्यांना वारूनसुद्धा तीस वर्षं होऊन गेली होती. त्यांच्या जमिनीवर आमचं अख्खं गाव उभं होतं आणि कागदावर मात्र तिथं जिरायत शेत होतं.

चूक इतकी उघड होती की दाखवली की दुरुस्त होईल असं मला वाटलं. जून २०२२ मध्ये मी तालुक्याच्या ठिकाणी अर्ज दिला. टेबलावरच्या भाऊसाहेबांनी तो घेतला, वाचला आणि म्हणाले, "ठेवून जा ताई, बघतो." मी ठेवून आले. तीन महिने दर पंधरवड्याला सकाळची एसटी धरून जात होते. कधी साहेब मीटिंगला, कधी फाईल वर गेलेली. सप्टेंबरात त्या टेबलावर दुसरे कर्मचारी आले आणि त्यांनी सांगितलं, असा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही. माझ्याकडे पुरावा काय होता? काहीच नाही. म्हणून सांगते, अर्ज नेहमी दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक, तारीख घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. माझे तीन महिने एका शिक्क्यापायी गेले.

दुसरा अर्ज शिक्क्यासह दिला. आता उत्तर आलं की संपादनाचं जुनं रेकॉर्ड मिळून येत नाही, तुम्हीच निवाड्याची, म्हणजे जमीन संपादित केल्याच्या आदेशाची, प्रत आणा. सरकारने घेतलेल्या जमिनीचा सरकारी कागद मी कुठून आणायचा? शेजारच्या कार्यालयात विचारलं, त्यांनी परत इकडेच पाठवलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मार्चअखेर जवळ येत होती आणि आमची रक्कम दुसऱ्या गावाच्या कामाला वळवणार असं कानावर येऊ लागलं. त्या दिवसांत मी घरी धड कुणाशी बोलतही नव्हते. एकदा त्या कार्यालयाच्या जिन्यात बसून रडले, हेही लिहून ठेवते, कारण अशी वेळ बऱ्याच जणींवर येत असणार.

मार्ग निघाला तो माहिती अधिकारातून. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज केला. 'माहिती द्या' एवढंच न लिहिता, गट नंबर घालून 'संपादनाचे अभिलेख मला स्वतः पाहू द्या' असं लिहिलं. पाहणीचा हक्क २००५ च्या कायद्यातच आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही. एकतिसाव्या दिवशी पहिलं अपील टाकलं आणि आठवड्याच्या आत अभिलेख कक्षात बोलावणं आलं.

लाल रुमालात बांधलेले गठ्ठे होते. अडीच तासांत निवाडा सापडला, कब्जापावती सापडली आणि ज्यासाठी मी नऊ महिने हेलपाटे घातले तो फेरफारही, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद, सापडला. सत्तरच्या दशकातला, रीतसर मंजूर केलेला. म्हणजे नोंद झालेली होती. एका हिश्श्यावर तिचा अंमल दिला होता, म्हणजे तिच्याप्रमाणे सातबाऱ्यावरचं नाव बदललं होतं; आमच्या हिश्श्यावर द्यायचा राहिला. पुढे सातबाऱ्याचं पुनर्लेखन झालं, संगणकीकरण झालं, आणि प्रत्येक वेळी तेच जुनं नाव उतरत आलं. रेकॉर्ड मिळून येत नाही असं लिहून देणाऱ्यांनी तो रुमाल सोडूनच पाहिला नव्हता. याचा राग माझा अजून गेलेला नाही.

त्यानंतर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद, म्हणजे नोंदी लिहिताना झालेली चूक, दुरुस्त करण्याचा अर्ज केला. नुसतं 'नाव कमी करा' असं लिहिलं तर वारसांचा वाद समजून फाईल भलत्याच वाटेला लागते. 'मंजूर फेरफाराचा अंमल देणे राहून गेले आहे' हे शब्द आणि फेरफाराचा क्रमांक पहिल्याच वाक्यात घाला. सुनावणीला मूळ मालकांचा नातू आला. मला धाकधूक होती. त्याने सरळ जबाब दिला, "जमीन सरकारनं घेतली, मोबदला आजोबांना मिळाला, आमचं काही म्हणणं नाही." त्याचे उपकार गाव विसरणार नाही. पण वारसांना नोटीस जाण्याआधी आपण त्यांच्या घरी जाऊन यावं, ते मी केलं होतं.

आदेश झाला, तलाठ्यांनी फेरफार धरला, हरकतीच्या नोटिशीचे पंधरा दिवस गेले, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. ऑगस्ट २०२३ मध्ये उतारा हातात आला. चौदा महिने. निधी मधल्या काळात गेलाच होता, तो पुढच्या वर्षी नव्याने मागावा लागला.

एक राहिलं. जागेचा ठराव ग्रामसभेत घेताना गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मोजून नोंदवा: मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असेल ती संख्या. आमची पहिली सभा त्यापायी तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, पण विषय तेच घ्यावे लागतात.

बांधकामाला सात महिने लागले. सासऱ्यांच्या हट्टाने हॉलचं तोंड जलाशयाकडे ठेवलं आहे. पहिल्या ग्रामसभेला बायका पुढच्या रांगेत बसल्या होत्या. नंतर विजेच्या मीटरचा अर्ज भरताना मालकीचा पुरावा मागितला, तेव्हा उतारा माझ्या पिशवीतच होता.