टॉवरची चौथी बाजू

आम्ही किनाऱ्यावरचे जीवरक्षक. आमच्या टॉवरला तीन बाजूंनी काच आहे. चौथ्या बाजूला, जमिनीकडे, लाकडी भिंत. तिच्यावर आम्ही वेटसूट, म्हणजे गार पाण्यात घालायचे रबरी पोशाख, वाळत घालतो. त्या दिवशीचा प्रकार या चौथ्या बाजूला घडला.

हवा 19 अंश, पाणी 12. भर उन्हाळ्यात पाणी एवढं गार कसं, हे येणारा प्रत्येक जण विचारतो. वारा किनाऱ्याला समांतर, ठरावीक दिशेनं वाहत राहिला की पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं कोमट पाणी बाहेर ढकललं जातं आणि तळाचं गार पाणी त्याची जागा घ्यायला वर येतं. म्हणजे चांगलं ऊन, चांगला वारा, त्याच दिवशी पाणी सगळ्यांत वाईट. सकाळचं धुकंही त्याच गार पाण्यावरचं.

ओहोटी सव्वाअकराची होती. पाणी उतरलं की वाळूचा दांडा वर येतो, लाटांनी आत लोटलेल्या पाण्याला परत जायला दांड्यातली खिंड तेवढी उरते, आणि तिथं ओढ लागते. ती जागा दिसते मात्र सर्वांत शांत. दोन्हीकडे फेस फुटतोय आणि मधे गडद, गुळगुळीत पट्टा. लोक हमखास तिथंच उतरतात. त्यात लाटांमधलं अंतर 14 सेकंदांचं. असल्या दिवशी दहा मिनिटं समुद्र झोपल्यासारखा, मग एकापाठोपाठ पाच-सहा दांडग्या लाटा. पोहायची सुरक्षित जागा दाखवणारे लाल-पिवळे झेंडे आम्ही दोनदा सरकवले. माझे आणि सहकाऱ्याचे, दोघांचेही डोळे त्या गडद पट्ट्यावर होते, आणि ते तिथंच असायला हवे होते, हे मी आजही म्हणेन.

पण 12 अंशांच्या पाण्यात मुलं किती टिकणार? पाचेक मिनिटांत ओठ निळे करून बाहेर येतात आणि वाळू उकरायला बसतात. गार पाण्याच्या पुळणीवर खड्डे जास्त आणि खोल असतात. हे रोज डोळ्यांसमोर होतं. त्याचा अर्थ लावायचं कधी डोक्यात आलं नाही.

अकराच्या फेरीत ते दोन खड्डे मी पाहिले होते. भरतीरेषेच्या वर, एकमेकांपासून दीडेक मीटरवर. वडील लोखंडी फावडं घेऊन खणत होते, दोन मुलं बादल्यांनी वाळू उपसत होती. खोली गुडघ्याएवढी. नियम गुडघ्याचाच आहे, पण तो घोळक्यातल्या सर्वांत बुटक्याच्या गुडघ्याचा. मी पाहिला तो वडिलांचा. ‘सांभाळून’ म्हणालो आणि पुढे गेलो.

वाळूचं गणित विचित्र आहे. ओलसर वाळूच्या कणांमधे पाण्याचा पातळ थर असतो, तो कणांना धरून ठेवतो, म्हणून भिंत सरळ उभी राहते. धुक्यात भिजलेल्या वाळूची भिंत तर कापल्यासारखी सुरेख दिसते. कोरडी वाळू साधारण 34 अंशांच्या उतारावरच थांबते, त्याहून उभी राहत नाही. दुपारी धुकं उठलं, वाऱ्यानं भिंतीचा वरचा भाग सुकवला. खाली भरतीबरोबर वाळूतलं पाणी वर चढत होतं. पाण्यानं पूर्ण भरलेल्या वाळूतही ती पकड उरत नाही. वरून सुकी, तळाशी लिबलिबीत, आणि काठावर उभे राहून खाली डोकावणारे तिघे-चौघे. तोवर खड्डे सव्वा मीटर खोल झाले होते आणि पोरांनी दोन्हींच्या मधे बोगदा काढायला घेतला होता.

एक चाळीसला एक आठेक वर्षांची मुलगी शिडी चढून आली. म्हणाली, भाऊ दिसत नाहीये. मी रेस्क्यू ट्यूब, म्हणजे बुडणाऱ्याला धरायला देतो ती तरंगती नळी, उचलली आणि समुद्राकडे वळलो. ती माझी बाही धरून उलट्या दिशेला ओढत होती. तिचं म्हणणं कळायला मला दहा सेकंद लागली असतील. त्या दहा सेकंदांपाशी मी अजून अडकतो.

तिथं पाहावं तर खड्डा नाहीच. दोन उथळ खळगी आणि मधे बसकी वाळू. कोसळल्यावर वाळू स्वतःच्या खुणा पुसते. काठावर वीसेक माणसं आणि वडील फावड्यानं खणत होते. एक फावडं बाहेर, दीड फावडं आत. शिवाय लोखंडाचं पातं डोक्याला लागलं तर काय, याचं भान त्या क्षणी बापाला कुठून राहणार.

‘मागे सरका’ म्हटल्यानं गर्दी मागे सरकत नाही. तिला काम द्यावं लागतं. बादल्या आणा, बॉडीबोर्ड (लाटांवर पालथं पडून घसरायच्या फळ्या) आणा, डब्यांची झाकणं आणा. सहकाऱ्यानं रुग्णवाहिका बोलावली, झेंडे उतरवून सगळ्यांना पाण्याबाहेर काढलं आणि आमचा रेस्क्यू बोर्ड, म्हणजे बचावाची लांब तरंगती फळी, आणून काठावर आडवा टाकला. वजन त्या लांबीवर पसरलं, काठ ढासळायचा थांबला. मुलीला विचारलं, पाय शेवटचे कुठं दिसले? डाव्या खड्ड्यातून तो डोकं पुढे करून बोगद्यात शिरला होता. म्हणजे डोकं मधल्या जागी, थोडं उजवीकडे. तिथं टाच रोवून खूण केली.

एक मीटर खाली पोचायला सुक्या वाळूत तोंड तीन मीटर रुंद करावं लागतं. ती सुमारे अडीच घनमीटर, म्हणजे साडेतीन टनांच्या वर. म्हणून सरळ खाली न जाता उजव्या खळग्यातून आडवं शिरलो. आत मी एकटा, हातांनी. मागे दोघे बादल्यांनी. त्यांच्या मागे माणसांची ओळ, वाळू दोन मीटर लांब टाकणारी. जवळ टाकलेली वाळू परत येते, हे दर मिनिटाला ओरडून सांगावं लागत होतं.

चौथ्या मिनिटाच्या आसपास बोटांना केस लागले. चेहरा मोकळा केला, बोटानं तोंडातली वाळू काढली. श्वास नव्हता. तोंडानं श्वास दिला, छाती हललीच नाही. वाट मोकळी होती, पण छातीवर वाळू घट्ट बसली होती. माणूस श्वास सोडतो तेवढी ती आत सरकते आणि पुढचा श्वास घ्यायला जागा ठेवत नाही. काखेपर्यंत उकरून पुन्हा श्वास देत गेलो. चौथ्याला तो खोकला. रडला तेव्हा त्याच्या नाकातून ओल्या वाळूची गोळी निघाली.

त्याला लगेच ओढून काढायची घाई सगळ्यांना. हात धरून ओढलं तर खांदा निखळतो, पाय सुटत नाहीत. ओल्या वाळूनं धरलेल्या पायाभोवती हात फिरवून फिरवूनच जागा करावी लागते. त्यात वीस मिनिटं गेली. तळाची वाळू पाण्याइतकीच गार, त्यामुळे अर्धा बाहेर असतानाच डोक्याला टोपी, अंगाभोवती ब्लँकेट, नाकातोंडावर ऑक्सिजन. मोकळा झाल्यावर चालू दिला नाही, आडवाच उचलला. श्वासात गेलेली वाळू काही तासांनीही त्रास देते, म्हणून तो हसायला लागला तरी रुग्णालयात गेलाच. दोन रात्री राहून घरी परतला.

प्रशिक्षणात आम्हाला वाळूवर अर्धं पान होतं. 2007 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये संशोधकांनी दहा वर्षांतल्या अशा 52 घटना मांडल्या होत्या, त्यांत 31 मृत्यू, बहुतेक मुलगे. ते मी या घटनेनंतर वाचलं. किनाऱ्यावरच्या सूचनांच्या पाटीवर बारा चित्रं आहेत, खड्ड्याचं एकही नाही. असतं तरी कोणी वाचलं नसतं, हा भाग वेगळा.

संध्याकाळी अहवाल भरायला बसलो. फॉर्मवर लाटेची उंची, भरतीची वेळ, पाण्याचं तापमान, पीडित झेंड्यांच्या आत होता की बाहेर, असे रकाने. वाळूची घटना ‘इतर’मध्ये जाते, आणि ‘इतर’ला दीड ओळ जागा आहे. मी मागे कोरा कागद टाचला.

आता पाळी संपताना भरतीरेषेच्या वरचे खड्डे बुजवत जातो. काल सात होते. एकात उतरलो तर काठ माझ्या मांडीला लागला. तळाला कोणीतरी शंख मांडून ठेवले होते; ते आधी उचलून वर ठेवले.