फोडणीचा वास

"काकू, फोडणीचा वास येतो का हो?" छातीच्या डॉक्टरांनी आज आईला विचारलं.

"छे! भाजी करपली तरी हेच येऊन सांगतात."

आईला जुन्या टीबीनंतरचा ब्रॉन्किएक्टेसिस. श्वासनलिका रुंदावल्यात, त्यात कफ साठतो. पण चोंदलेलं नाक, जड कपाळ, घशात मागून उतरणारा शेंबूड? "सर्दीची प्रकृती" म्हणून सगळे मोकळे!

डॉक्टर म्हणाले, नाकापासून फुफ्फुसापर्यंत वाट एकच, अशा पेशंटचे सायनसही (नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्या) बऱ्याचदा सुजलेले असतात. स्प्रे दिला. शिवाय पाणी उकळून, गार करून, मीठ घालून नाक धुवायचं. (आई खूश: "म्हणजे आपली जलनेतीच की!")

इतक्या वर्षांत नाकाची चौकशी पहिल्यांदाच झाली. छातीची ओपीडी एका मजल्यावर, नाकाची दुसऱ्या. तुमच्याकडे कुणी विचारतं का?