टनब्रिजचा टी, वाघांचा डब्ल्यू

ब्रिटनमध्ये फोनवर पोस्टकोड सांगायची वेळ आली की आपलं इंग्रजी उघडं पडतं. टनब्रिजचा कोड ‘टीएन’ने सुरू होतो, डॉनकास्टरचा ‘डीएन’ने. आपण टीएन म्हणतो, पलीकडून ‘डीएन?’ येतं. मग आपण तेच ओरडून सांगतो. उपयोग शून्य, कारण कमी पडते ती हवा. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीचे पी, टी, के झोतासकट बाहेर पडतात. आपले प, ट, क कोरडे. म्हणून इथल्या कानाला ‘पिन’ची ‘बिन’ होते, ‘कोट’चा बोकड. गंमत म्हणजे तो झोत आपल्या बाराखडीत आहेच. ‘ठीएन’, ‘खोट’ म्हणा, काम होतं. पीला मात्र ओठ पूर्ण मिटून जुना ‘फ’ लागतो. हल्लीचा दात लावलेला ‘फळ’मधला चालत नाही. ओठांसमोर कागदाची पट्टी धरा. ‘पिन’ला ती हलली पाहिजे, ‘स्पिन’ला नाही, कारण एसनंतर झोत नसतो. तिथे आपलं कोरडं ‘स्टॉप’, ‘स्कूल’ अगदी बरोबर.

खरा वैताग ‘व’चा. आपण ‘वाइन’ आणि ‘व्हॅन’ वेगळं लिहितो, हिंदीत दोन्हीकडे नुसता ‘व’. त्यामुळे आपल्याला फरक कळतो असा आपला समज. पण तोच ‘व्ह’ आपण डब्ल्यूएचलाही चिकटवलाय: व्हील, व्हाइट, व्हेल. इंग्लंडमध्ये बहुतेकांच्या तोंडी तो साधा डब्ल्यूच असतो. म्हणजे आपलं ‘व्हील’ हे डब्ल्यूएचचं चाक की व्हीने सुरू होणारं वासराचं मांस, ते ऐकणाऱ्याने ठरवायचं! शिवाय आपल्या ‘व्ह’मध्ये ह मिसळलेला, इंग्रजी व्हीत ह नाहीच. वरचे दात खालच्या ओठावर अलगद टेकवा आणि भुंग्यासारखा आवाज दोन सेकंद लांबवा. गुणगुण आली नाही, तर तो आपला घरचा व. डब्ल्यूला दात विसरायचे, ओठांचा चंबू करून ‘उ’पासून सुटायचं: उआइन, उईल, उएस्ट. सरावाला ‘व्हेरी वेल’ पुरे. त्यात दोन्ही येतात.

आडनावांनी यात भर घातलीये. वाघ, वानखेडे बहुधा डब्ल्यूने; वैद्य, वर्तक व्हीने; मराठीत व एकच. इथले लोक वाघांना चंबू करतात, वैद्यांना दात लावतात आणि दोन्हीकडे चुकतात. ‘घ’चं तर नावच नको.

बाकी फार खटपट करू नये. आघात तेवढा सांभाळा, ‘हॉटेल’चा जोर ‘टेल’वर. आपला ठळक र स्कॉटलंडमध्येही आहे. ‘थिंक’चं ‘फिंक’ करणारे खुद्द लंडनमध्ये ढिगाने, त्यांना कुणी उच्चारवर्गाला धाडत नाही. मग आपल्या दंत्य ‘थ’नेच काय घोडं मारलंय?

फोनवर अडलंच तर टी फॉर टँगो, डी फॉर डेल्टा, व्ही फॉर व्हिक्टर. डब्ल्यूला व्हिस्की. फक्त ती ‘उइस्की’ म्हणा, नाहीतर पलीकडे पुन्हा व्ही लिहिला जाईल.