युरियाचं पोतं

डिसेंबरातली दुपार, अंगणात ऊन, पुढ्यात भाजलेल्या शेंगा. तेवढ्यात भाच्याचा गुलमर्गहून व्हिडिओ आला. पायांना स्की बांधून बर्फातून चाललाय. खाली नव्हे, वर! माणसांना वर नेणारा गोंडोला तिथं आहे. तो सोडून हा तीन तास चढणार आणि दहा मिनिटांत खाली येणार. बहिणीनं पोराला इंजिनियर केलं ते यासाठी काय?

घसरण्यातलं मलाही कळतं. माझं आजोळ जांबोटीकडं. श्रावणात टेकडीवरचं गवत चिंब झालं की आम्ही युरियाचं रिकामं पोतं घेऊन वर पळायचो. पोत्यावर बसायचं, पुढची कड दोन्ही हातांनी उचलून धरायची, मागच्यानं ढकलायचं. ब्रेक म्हणजे खालचा चिखल. गवत मऊ, पण त्याच्या पोटात जांभा दडलेला. तो डोळ्यांना दिसायचा नाही, बुडालाच कळायचा. एकदा असा लागला की आठवडाभर वर्गात एका कुल्ल्यावर बसलो. मास्तरांनी कारण विचारलं नाही. त्यांचा मुलगाही तसाच बसला होता. आज्जीला काळजी फक्त चड्डीच्या भोकाची. आणि हो, आम्हीही चढूनच जायचो की. ते चढणं मात्र काही केल्या आठवत नाही.

शेजारचे हवालदार काका शेंगांच्या वासावर आले. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त, गुलमर्गच्या लष्करी शाळेत बर्फ शिकून आलेले. ती शाळा १९४८ साली जनरल थिमय्यांनी काढली, 'आपल्याच राज्यातल्या कोडगूचा माणूस', हे ते दरवेळी सांगतात. (आपलं राज्य म्हणताना बेळगावातला मराठी माणूस जरा अडखळतो. काका अडखळत नाहीत.)

"चढताना मागं घसरत कसा नाही हा?" मी विचारलं.

"स्कीच्या बुडाला कातडं चिकटवलेलं असतंय. आधी सीलचं असायचं, आता नायलॉनचं न्हाईतर बकऱ्याच्या केसांचं. मांजराच्या पाठीवरनं हात फिरवून बघ गा. शेपटीकडं सरकतोय, उलटा अडतोय. तसंच ते. वर पोचलं की सोलून पिशवीत."

भाचा वर पोचला, कातडं सोललं, टाचा अडकवल्या आणि सुटला. काय सुंदर वळणं घेत होता! मधेच स्कीखाली खर्रकन आवाज झाला, व्हिडिओ काढणारा हसला. मीही हसलो. हा आवाज माझ्या ओळखीचा होता.

काकांचं चावणं थांबलं.

"पहिला बर्फ पातळ. खाली धोंडे तसेच असतात. त्याचं काय न्हाई, स्की खरवडतीय एवढंच. पण कडक थंडीत तळाचा थर रव्यागत सुटा होतोय. त्यावर नवीन बर्फ पडला की वरनं गालिचा, खाली रवा. माणूस चढला की अख्खा गालिचाच निघतोय." त्यांनी व्हिडिओ मागं नेला. "छातीला यंत्र बांधलंय काय? सिग्नल देणारं?"

जाड जॅकेटमध्ये काय दिसणार?

"आणि किती जण हाईत? एकट्याच्या यंत्राचा काय उपयोग, शोधायला कोण तरी लागतंय की. गाडला गेला तर पहिली दहा-पंधरा मिनिटंच आपली."

मी पुन्हा सुरुवातीपासून बघू लागलो. माणसं मोजायला.

"ते राहू दे," काका म्हणाले. "आधी फोन लाव त्याला."